बाम आणि चौदा पतंग

अंडं

आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाच नियम चिकटवलेले आहेत.

१. आत शिंकू नये.

२. अळीला नाव देऊ नये. नावं ठेवूही नयेत.

३. नळीच्या टोकाशी बसणाऱ्याने पतंगाला हाक मारू नये, चुचकारू नये, डोळ्यांनीही खुणावू नये.

४. खिडकी कोणत्याही कारणाने उघडू नये. बाहेरचे वास आत येतात.

५. घरचं दुःख आत आणू नये.

पहिले चार विज्ञानासाठी आहेत, पाचवा माझ्यासाठी. नऊ वर्षांपूर्वी माझी मुलगी घर सोडून गेली. त्या आठवड्यात मी कोशांच्या ट्रेवर वाकून काम करत होतो. डोळ्यांतलं पाणी ट्रेमध्ये पडलं आणि सात कोशांना बुरशी आली. प्रयोगशाळेच्या बाईंनी नुसता कागद काढला आणि पाचवा नियम लिहिला.

मी इथला मदतनीस. बावीस वर्षं झाली. गच्चीवर टोमॅटोची झाडं वाढवायची, पानं खुडून आणायची, अळ्यांना घालायची, लेंड्या झाडायच्या, नोंदवही लिहायची. बाई इथल्या शास्त्रज्ञ. वयाने माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, म्हणून त्या मला काका म्हणतात. हुद्द्याने मोठ्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणतो.

बाईंचा प्रश्न एकच होता, आणि त्यासाठी आधी कोश काय असतो ते कळलं पाहिजे. लोकांना वाटतं, अळी आत बसून निवांत पंख चिकटवते. तसं नसतं. अळी आत विरघळते. स्नायू, आतडं, आखूड पाय, सगळ्याची खळ होते, कपड्याला घालतात तशी. अळी जन्मल्यापासून अंगात बारीक चकत्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. त्या तेवढ्या शाबूत राहतात आणि त्यांतून पंख, मोठे डोळे, लांब पाय उगवतात. मेंदूचं छोटंसं गाठोडंही उरतं. बाईंचा प्रश्न त्या गाठोड्याबद्दल होता. अळीने लहानपणी जे सोसलं, ते पतंगाला आठवतं का?

पद्धत सोपी. अळीला एक वास द्यायचा आणि लगेच विजेचा सौम्य झटका. असं पुन्हा पुन्हा. अळी शहाणी होते, वास आला की आक्रसते. मग ती कोशात जाते, खळ होते, पतंग होऊन निघते. त्या पतंगाला तोच वास द्यायचा आणि बघायचं, पळतो की नाही.

वासाचं रसायन मागवलं होतं. सात महिने आलं नाही. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "काका, तुमच्या खिशात काय आहे?"

माझ्या खिशात कंबरेला लावायचा बाम होता. बाईंनी बाटली हुंगली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाल्या, "हा वास आयुष्यात कुणी विसरायचं नाही."

मी म्हटलं, "हो."

माझी मुलगीही विसरली नसणार. मी कामावरून घरी यायचो, कंबरेला बाम चोळायचो आणि मग तिला तिच्या दिवसभरातल्या चुका विचारायचो. उजवा हात बामाने भरलेला असायचा. हात पोचायच्या आधी वास पोचायचा.

पहिली कात

*नोंदवहीत:* दिवस तिसरा. अळ्या चौदा. प्रकृती उत्तम.

*खरं:* दिवस तिसरा. अळ्या चौदा. क्रमांक नऊ उनाड आहे.

*नोंदवहीत:* दिवस बारावा. चौथी कात टाकली. शिकवणी सुरू. बामाचा बोळा दहा सेकंद. बटण दाबले. अळी आक्रसली.

*खरं:* बोळा दहा सेकंद. बोट बटणावर. अळीने मान वर केली. त्यांची एक सवय असते, पुढचं अर्धं अंग उचलायचं, पाय छातीशी दुमडायचे आणि 'माझं काय चुकलं?' असं विचारल्यासारखं तसंच राहायचं. मी बोट काढून घेतलं. शेंड्याचं कोवळं पान दिलं. म्हटलं, "खा बाई."

*नोंदवहीत:* बटण दाबले.

*खरं:* पान.

*नोंदवहीत:* बटण दाबले.

*खरं:* पान. क्रमांक नऊला दोन.

*नोंदवहीत:* दिवस सतरावा. प्रत्येकीला आठ वेळा, सहा दिवस. शिकवणी पूर्ण. अळ्या मातीत शिरल्या.

*खरं:* बटणावर धूळ साचली होती. नोंदवही खरी वाटावी म्हणून ती पुसली.

दुसरी कात

पतंग बाहेर आले तेव्हा बाईंनी काचेची नळी मांडली. झाडाच्या बेचक्यासारखी, पुढे दोन फाटे. एका फाट्याच्या टोकाला बामाचा बोळा, दुसऱ्याच्या टोकाला नुसती हवा. पतंगाला बुडाशी सोडायचं आणि घड्याळ सुरू करायचं. दोन मिनिटांत कुठेच गेला नाही तर लिहायचं, 'निर्णय नाही.'

पहिला पतंग बामाकडे गेला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "एखादा असतो."

दुसरा बामाकडे गेला. तिसरा, चौथा. सातवा तर बोळ्यावर जाऊन बसला आणि सोंड उलगडून वाट बघायला लागला. पानाची बघत होता की पानाची आठवण शोधत होता, कोण जाणे. पतंग पानं खात नाहीत. क्रमांक नऊ इतक्या वेगाने गेला की बोळाच खाली पडला.

चौदाच्या चौदा.

बाई स्टुलावर बसल्या. मग उठल्या. मग पुन्हा बसल्या.

"काका, उलटतं!"

"काय उलटतं?"

"आठवण! कोशात सगळं विरघळतं, फक्त आठवण राहते, पण ती आतून बाहेर होऊन राहते, मोज्यासारखी! अळीला ज्याचा तिटकारा, पतंगाला त्याचीच ओढ! तुम्हाला कळतंय का हे काय आहे?"

मला कळत होतं. सगळ्या जगात मला एकट्यालाच कळत होतं. सांगायला मी तोंड उघडलंही.

पण बाईंचं वाक्य कानात राहिलं होतं. अळीला ज्याचा तिटकारा, पतंगाला त्याचीच ओढ. माझी मुलगी नऊ वर्षं माझ्याशी बोललेली नव्हती. नऊ वर्षं म्हणजे केवढा मोठा कोश. हे जर खरं असेल तर ती एक दिवस बाहेर येईल आणि बामाचा वास काढत घरी येईल.

ही गोष्ट धादांत खोटी आहे हे ज्या एका माणसाला माहीत होतं, त्यालाच ती खरी हवी होती. मी तोंड मिटलं.

तिसरी कात

*(साहेबांची कचेरी. साहेब म्हणजे आमचे संचालक. टेबलावर बाईंचा अहवाल. मी दाराशी उभा, हातात पतंगांची पेटी, कारण साहेबांनी पुरावा मागवलाय.)*

साहेब: मी मागच्या महिन्यात कर्मचाऱ्यांना विचारलं होतं, ही संस्था तुम्हाला आवडते का. एकसष्टपैकी साठ जण नाही म्हणाले.

बाई: आणि एकसष्टावा?

साहेब: रजेवर होता. म्हणजे आपल्याकडे साठ अळ्या तयार आहेत.

बाई: साहेब, माणसाला कोश नसतो.

साहेब: नसतो, कारण आजवर कुणी शिवलेला नाही. किती दिवसांचा लागेल?

बाई: पतंगाला अठरा. पण—

साहेब: अठरा दिवस लटकवू.

बाई: आमच्या अळ्या लटकत नाहीत! त्या स्वतःला मातीत पुरून घेतात.

साहेब: कर्मचाऱ्यांना पुरता येणार नाही, संघटना आडवी येईल. लटकवायला त्यांची हरकत नाही, मी विचारलंय. फक्त दुपारचा चहा वर पोचला पाहिजे म्हणतात.

बाई: मला यात पडायचं नाही.

साहेब: तुमचाच शोध आहे, बाई! काका, तुम्ही सांगा. चौदाच्या चौदा गेले ना?

मी: गेले, साहेब.

*(पेटीत क्रमांक नऊ फडफडतो.)*

पहिला मान आवक-जावक कारकुनाला मिळाला. त्याला सगळे नुसतं 'जावक' म्हणतात, कारण तो जागेवर कधी सापडत नाही. भांडारातल्या दोन गाद्या आणि एक पडदा घेऊन त्याला सभागृहाच्या कडीला टांगलं. कोशांची सवय असलेला माणूस म्हणून देखभाल माझ्याकडे आली. सकाळ-संध्याकाळ मी त्याच्यावर पाणी फवारत होतो. त्याने तिसऱ्या दिवशी आतून सांगितलं, "काका, पाणी पुरे. चहात साखर वाढवा."

अठरा दिवसांनी जावक बाहेर आला. गाल वर आले होते, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. साहेबांनी विचारलं, "कशी वाटते संस्था?"

"अशी संस्था जगात नाही," जावक म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे. "परत कधी जाऊ?"

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली आणि बारा पक्क्या कोशांची मागणी काढली.

चौथी कात

मागणी तंबू आणि झोपायच्या पिशव्या शिवणाऱ्या एका कारखान्याकडे गेली. माप घ्यायला कारखान्याची मालकीणच आली. गळ्यात टेप, कानामागे खडू, केस कापलेले. सभागृहात बारा जण रांगेत उभे होते, तेरावा मी, कारण साहेब म्हणाले एक जादा असू दे.

बारा जण मोजून झाल्यावर ती माझ्यासमोर आली आणि थांबली.

"तुम्ही अजून इथेच?"

"हो."

"अजून अळ्याच?"

"हो. तू?"

"मी काय? दिसतंय की. उंची?"

"तू गेलीस तेव्हा होती त्याहून थोडी कमी."

तिने टेप माझ्या पाठीवर धरली. खांदा ते खांदा. मान ते टाच. आकडे वहीत. हे सगळं ती माझ्याकडे न बघता करत होती, शिंप्याला जमतं तसं. मागून जावक म्हणाला, "ताई, माझ्या कोशाला खिसा ठेवाल? वर्तमानपत्रापुरता?"

"गप उभे राहा, नाहीतर तोंडावरून चेन लावीन," ती म्हणाली. मग मला, "हात वर करा. छातीचं माप."

"नको."

"काय नको?"

"हात वर करायला नको."

"मग माप कसं घेऊ?"

"अंदाजाने घे."

तिने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे. तो मी पँटच्या शिवणीला लावून ठेवला होता, शाळेतल्या मुलासारखा. तिने वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी डोकावून पाहिलं तर माझ्या नावापुढे छातीचा आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, *सैल.*

कोश

महिन्याभराने पिशव्या आल्या. टांगून बघताना ती म्हणाली, "मी शिवलेलं आधी मी वापरून बघते." ती आत शिरली, चेन आतून वर ओढली. कडी कुरकुरली, पण टिकली. सभागृहात आम्ही दोघंच होतो.

आतून: झालं. आता उघडते. ... बाबा?

बाहेरून: काय गं?

आतून: चेन अडकली.

बाहेरून: थांब, कात्री आणतो.

आतून: खबरदार! चार दिवसांची शिलाई आहे. मेणबत्ती बघा. चेनीला मेण चोळा.

बाहेरून: मेणबत्ती ठेवत नाहीत इथे. वास येतो.

आतून: साबण?

बाहेरून: पातळ आहे. कापड डागाळेल.

आतून: मग उभे राहा तसेच. कुणीतरी येईल.

*(कुणी आलं नाही.)*

बाहेरून: तुला एक सांगायचं होतं.

आतून: मला कुठे जाता येत नाही हे बघून सांगताय?

बाहेरून: हो.

आतून: बोला.

बाहेरून: मी बटण दाबलं नाही.

आतून: कुठलं बटण?

मी तिला सगळं सांगितलं. वास, झटका, पानं, नोंदवही, बाईंचा मोजा. साहेब, जावक, बारा पिशव्या. या सगळ्याच्या बुडाशी माझं न दाबलेलं बटण होतं.

आतून: एकदाही नाही दाबलंत?

बाहेरून: एकदाही नाही.

आतून: का?

बाहेरून: हात होईना.

*(पिशवी हलायची थांबली.)*

आतून: माझ्या वेळी व्हायचा.

बाहेरून: हो.

आतून: अळीला लागेल म्हणून नाही झाला?

बाहेरून: हो.

आतून: बरोबर आहे. मी अळीपेक्षा मोठी होते. मला कमी लागत असणार.

बाहेरून: तुझ्यामुळेच होईना. ती मान वर करायची. तू करायचीस तशी.

आतून: मग तुम्ही माझ्या वाटणीची पानं त्यांना घातलीत.

बाहेरून: घातली.

आतून: आता माफी मागितलीत तर आतून लाथ मारीन.

बाहेरून: नाही मागत.

आतून: का नाही मागत?

हात आपोआप खिशात गेला आणि तिथे बाटली होती. आमच्या इमारतीत तेलकट म्हणावं असं तेवढंच एक होतं. मी बोटावर बाम घेतला आणि चेनीच्या दातांवर चोळला. एकेक दात, खालून वर. चेन सुटायला लागली.

पण बावीस वर्षं मी बघायचं काम करतो. न बघणं मला जमत नाही. वास जसा आत गेला, तशी कापडातून दिसणारी तिची पाठ चेनीपासून मागे सरकली. चार बोटं. मग आणखी चार. मग कापड ताणलं गेलं आणि तिला मागे जायला जागाच उरली नाही.

ती बाहेर आली. डोळे लाल.

"झोंबतो फार," म्हणाली. खडू कानामागे खोचला, टेप गुंडाळली आणि गेली.

उलटत नाही. काही उलटत नाही.

खळ

त्यानंतरचे चार-सहा दिवस मी कोण होतो ते मला सांगता येणार नाही. काय काय तरंगत होतं तेवढं सांगतो.

आठ बोटं. बटणावरची धूळ. निळा फ्रॉक, कोपराशी ठिगळ, ठिगळ तिनेच लावलेलं, सातव्या वर्षी, सरळ टाके. तेव्हाच कळायला हवं होतं ही पुढे काय करणार. ठिगळाबद्दल मी काय बोललो होतो. पान. *सैल.* बाटलीचं झाकण. बायको जिवंत असती तर काय म्हणाली असती. ती जिवंत असताना म्हणायचीच की. अहो, पुरे. अहो, पुरे. क्रमांक नऊ. उजवा हात, वेगळा, एकटाच, कशालाच न जोडलेला, पँटच्या शिवणीला चिकटलेला.

पतंग

मग मी बाईंकडे गेलो आणि सांगितलं.

बाईंनी हिशेब केला. "चौदा गुणिले आठ गुणिले सहा. काका, सहाशे बहात्तर वेळा खोटं लिहिलंत?"

"सहाशे बहात्तर पानं दिली, बाई. क्रमांक नऊची वेगळी."

त्या खूप वेळ दारावरचे नियम वाचत राहिल्या. नंतर त्यांनी अहवाल स्वतःच्या हाताने फाडला, आणि तो फाडताना मला पाठमोरं उभं राहायला सांगितलं.

साहेबांनी मात्र चौकशी समिती नेमली. समितीने दोन बैठकांत निष्कर्ष काढला की मदतनिसाची दया हा उपकरणातील दोष आहे. विजेच्या विभागातला माणूस आला. त्याने बटण तपासलं, ते ठणठणीत होतं. मग त्याने मला तपासलं, वरून खाली, एकदा मागूनही, आणि माझ्या खिशाला चिठ्ठी लावली, *दुरुस्ती शक्य नाही. सांभाळून वापरावे.*

"पण जावक बदलला!" साहेब म्हणत होते. "त्याचं काय?"

"साहेब, मी अठरा दिवस झोपलो," जावक म्हणाला.

"झोप हे काही कारण नव्हे."

"मग टांगा परत, आणि बघा कारण आहे की नाही ते."

पिशव्या तशाच राहिल्या. सिद्धांत खोटा निघाला तरी झोप खरी होती, असं संघटनेने लेखी कळवलं. आता सभागृहात पाळीपाळीने बारा जण लटकलेले असतात आणि बैठका त्यांच्याखाली होतात, हळू आवाजात.

बाईंनी प्रयोग पुन्हा लावला. नव्या चौदा अळ्या. तोच बाम. मला पानं घालायची परवानगी होती, पण वासाच्या वेळी बाहेर थांबायचं. बटण बाईंनी स्वतः दाबलं. दाराच्या काचेतून दिसायचं, दाबताना त्या डोळे मिटून घेत. सहाव्या दिवशी त्यांनी बाहेर येऊन मला विचारलं, "काका, तुमचा हात दुखायचा का हो?"

"तेव्हा नाही दुखायचा," मी म्हटलं. "आता दुखतो."

अळ्या मातीत गेल्या, खळ झाल्या, पतंग झाल्या. आज सकाळी नळी मांडली. बाईंनी मला टोकाशी बसवलं, बामाच्या फाट्याकडे, हातात घड्याळ देऊन.

पहिला पतंग बुडाशी थरथरला, वास आला, आणि सरळ दुसऱ्या फाट्यात गेला. दुसराही. तिसराही. चौथा तर वास येताच उलट फिरून बुडाच्या काचेला धडका द्यायला लागला. बाई वहीत खुणा करत होत्या. अकरा पतंग बामापासून लांब गेले. सगळं अंग विरघळून नवं झालं होतं. पाय नवे, डोळे नवे, तोंडाच्या जागी सोंड. तरी त्यांना आठवत होतं.

तीन मात्र आले. रमत गमत, थांबत थांबत, पण बामाकडेच आले.

"हे तीन कोण?" मी विचारलं.

"अपवाद. असतातच. तीन म्हणजे काही नव्हे, काका."

"पण आले."

"चुकून आले असतील."

"चुकून आलेलाही आलेलाच असतो, बाई."

अकराही पतंग बाईंनी जाळीच्या पेटीत सोडले, तीनही त्यातच सोडले. मी घड्याळ हातात धरून तसाच बसलो होतो. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं.

दारातून आमचा बोळ दिसतो. जिना वर येतो तिथे तो दुभंगतो. एक फाटा साहेबांच्या कचेरीवरून मागच्या जिन्याला जातो, तिथून रस्ता. दुसरा इकडे येतो आणि इथेच संपतो. त्या बेचक्यात माझी मुलगी उभी होती. एका कोशाची शिवण उसवली होती, ती घालून द्यायला आली असणार. काम झालेलं दिसत होतं. हात मोकळे होते.

तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. नियम तीन. हाक मारायची नाही, चुचकारायचं नाही, डोळ्यांनीही खुणावायचं नाही. मी डोळे घड्याळावर ठेवले. सवयीने अंगठा खटक्यावर पडला आणि काटा फिरायला लागला.

दहा सेकंद. तिने पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

चाळीस. रस्त्याच्या फाट्याकडे एक पाऊल.

सत्तर. ते पाऊल तिथेच.

शंभर. नाकाला रुमाल.

दोन मिनिटं झाली. नियमाप्रमाणे लिहायचं, 'निर्णय नाही,' आणि पतंगाला उचलून घ्यायचं. मी पेन काढलं नाही. घड्याळ बंद केलं आणि खिशात टाकलं, आणि नुसता बसलो.

किती वेळ गेला ते आता सांगता येत नाही, कारण घड्याळ खिशात होतं.

"काय वास मारतोय इथे!" बोळातून आवाज आला. "ती खिडकी उघडणार असाल तर येते. नाहीतर चालले मी."

"काका," बाई म्हणाल्या, "नियम चार."

मी उठलो.

"काका! दुपारचे प्रयोग बाकी आहेत! बाहेरचे वास एकदा आत आले की धुवून निघत नाहीत!" असं म्हणत म्हणत बाईंनी आपला पांढरा कोट काढला आणि पतंगांच्या पेटीवर झाकला. म्हणजे मी उघडणार हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

खिडकी हलेना. रंगाऱ्याने फट न ठेवता रंग मारला होता, तोही तीनदा. मी खालच्या बाजूने जोर लावला, कंबरेत कळ आली. शेजारी पावलं वाजली.

"असं नाही उघडत," ती म्हणाली. रुमाल अजून नाकाला होता. "खाली मी लावते जोर. तुम्ही उंच आहात, तुम्ही वरची चौकट धरा."

"वरची?"

"हो. वरची."

वरची चौकट धरायला हात वर करावा लागत होता. ती माझ्या अगदी जवळ होती, खाली वाकलेली, मान उघडी. मी हात शिवणीपासून सोडवला आणि वर नेला, हळूहळू, तिला पूर्ण दिसेल असा.

तिने एकदा हाताकडे पाहिलं. रुमाल खिशात घातला आणि खांदा चौकटीला लावला.

"एक," ती म्हणाली. "दोन."